धीरे मॅडमचं मदन महल

दार आपटू द्यायचं नाही, हा आमच्या प्रयोगशाळेचा पहिला नियम होता. तो कुठेही लिहिलेला नव्हता. बाई स्वतः दाराशी थांबून मिटत येणारं दार तळहातावर झेलत, ते पाहूनच नवीन मुलं शहाणी होत. तरी कोणी धाडकन आत शिरलाच, तर बाई ओठांवर बोट ठेवून म्हणत, "धीरे बेटा, धीरे. अंदर कोई है." आत माणूस कोणी नसे. एका चपट्या डिशमध्ये, चमचाभर द्रवात, गव्हाच्या दाण्यातून सोडवून काढलेल्या पेशी तरंगत असत. त्या दचकतील अशी बाईंना भीती वाटे.

म्हणून विभागातले सगळे त्यांना पाठीमागे धीरे मॅडम म्हणत. मी मात्र बाईच म्हणायचे. मी सौसरची, नागपूरच्या जवळचं पण राज्याच्या हद्दीपलीकडचं गाव. शाळा हिंदीतून, घरी मराठी, आणि घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. पीएच.डी.साठी जबलपूरला आले, रांझीत एक खोली भाड्याने घेतली आणि बसने विद्यापीठात जाऊ लागले. बाईंचं घराणं मात्र कित्येक पिढ्या जबलपूरचंच. मदन महल स्टेशनजवळच्या घरात त्या एकट्या राहत. पहिल्या दिवशी माझं आडनाव वाचून त्यांनी विचारलं, "मराठी का तू?" मी कशीबशी मान डोलावली. "मंग इतकी काहून घाबरून राहिली? इथं घाबरायचं काम माझं आहे." ते त्यांनी विनोदाने म्हटलं नव्हतं, हे मला हळूहळू कळत गेलं.

बाई खरोखरच घाबरत. वीज गेली की त्यांना इनक्युबेटरची काळजी, वीज आली की दाब जास्त असेल याची. खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्याकडून कधी चाचणीचा धमाका ऐकू आला आणि खिडकीची काच थरथरली, तर त्या हातातलं काम टाकून डिशभोवती दोन्ही तळहातांचा आडोसा करत. रविवारी सकाळी माझा फोन वाजला तर तो त्यांचाच असे. "अश्विनी, रांझीत लाईट आहे का? इथं गेली. तिकडं विद्यापीठात असंल का?" मी म्हणे, "बाई, रांझीतल्या लाईटवरून विद्यापीठातलं कसं कळणार?" त्यावर त्या विचार करत आणि म्हणत, "ते बी खरं. तरी सांग, आहे का?"

आमचं काम काय होतं, ते बाईंनी माझ्या आईला जितकं सोपं करून सांगितलं तितकं मला आजही जमत नाही. आई एकदा मला भेटायला जबलपूरला आली होती. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपला काढून ती स्टुलावर अवघडून बसली आणि म्हणाली, "मॅडम, पोरगी काय शिकून राहिली ते मले काही समजत नाही." बाईंनी टेबलावरचा गव्हाचा एक दाणा उचलला. "हे पहा ताई. गहू भिजला की कोंब येते. कोंबाला लागते भूक. मंग तो एक निरोप पाठवते, की जेवायला वाढा. त्या निरोपाचं नाव जिबरेलिन. हा जो कोंडा आहे ना, त्याच्या आत पेशींचा एक पातळ थर असते. तो निरोप ऐकते आणि आतलं पीठ विरघळवून कोंबाला खाऊ घालते. तुमची पोरगी त्या थरातली एकेक पेशी घरातून बाहेर काढते. भिंत नाही, शेजार नाही, कोंब नाही. अशी एकटी पडल्यावरही तिला निरोप समजते का, हे पाहते."

आईने दाणा हातात घेऊन पाहिला. मग तिने विचारलं, "आणि नाही समजला तर?"

"तीच तर भीती आहे ताई," बाई म्हणाल्या.

पेशी एकटी करणं हे फार नाजूक काम. दाण्याचा कोंबाकडचा भाग कापून टाकायचा, उरलेला अर्धा दाणा निर्जंतुक करून भिजवायचा, त्यातून तो थर सोलायचा आणि पेशींच्या भिंती विरघळवणाऱ्या द्रवात ठेवायचा. भिंत गेली की पेशी मोत्यासारखी गोल होते, आणि इतकी हळवी होते की नळीतून जोरात ओढली तरी फुटते. नळीची बारीक टोकं बाई कात्रीने कापून रुंद करत. सकाळी आल्या आल्या त्यांचं पहिलं काम तेच, मटार सोलायला बसावं तसं. "तोंड मोठं ठेव," त्या मला सांगत, "निघायला जागा पाहिजे तिला." नवीन टोकं कापून का वाया घालवता, असं भांडारातल्या माणसाने एकदा विचारलं होतं. बाईंनी त्याला हाताला धरून आणलं, सूक्ष्मदर्शकाखाली फुटलेली पेशी दाखवली, आणि त्यानंतर तो बिचारा आमच्या दारावरून पाय न वाजवता जाऊ लागला.

बाईंना सगळ्यात जास्त भीती वाटे ती स्वतःच्या डोळ्यांची. आपल्याला जे दिसावंसं वाटतं तेच दिसतं, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून प्रत्येक प्रयोगातल्या तीन डिशना त्या गावातल्या वस्त्यांची नावं देत: रांझी, खमरिया, मदन महल. एकीत काहीच घालायचं नाही. एकीत जिबरेलिन. आणि एकीत जिबरेलिनबरोबर दुसरं एक संप्रेरक, जे पेशीला "थांब, एवढ्यात नको" असं सांगतं. कोणत्या नावात काय, हे दर वेळी बाई चिठ्ठ्या टाकून ठरवत आणि आमच्या विभागातल्या दुबे सरांना सांगून ठेवत. "मी मेले बिले तर?" हे त्याचं कारण. मला काहीच सांगत नसत. मी डिश पाहायची, निरीक्षण शाईने लिहायचं, आणि मगच विचारायचं.

त्यामुळे आमच्याकडे ऐकू येणारं बोलणं बाहेरच्याला चमत्कारिक वाटे. "मॅडम, खमरिया में आज कैसा है?" दुबे सर विचारत. "शांति है," बाई म्हणत, "पर रांझी के लक्षण ठीक नहीं." एकदा हे ऐकून चहावाल्याने काळजीने विचारलं होतं, "दीदी, रांझी में क्या हो गया? मेरा साला रहता है वहाँ."

जिबरेलिनचा निरोप पोचला की पेशीच्या आतले लहान लहान बुडबुडे एकत्र येतात, मोठे होतात, पेशी आतून स्वच्छ पारदर्शक दिसू लागते. तिने बाहेर सोडलेला रस पिठूळ थर दिलेल्या तबकडीवर ठेवायचा आणि वरून आयोडीन ओतायचं. पीठ शाबूत असेल तर सगळं निळं काळं होतं. पेशीने काम केलं असेल तर रसाच्या थेंबाखाली स्वच्छ, पांढरा गोल उमटतो. एवढं काम करून ती पेशी थोड्याच दिवसांत मरते. जिला थांबायला सांगितलं ती मात्र कितीतरी आठवडे तशीच जिवंत राहते. बाईंना याचं दर वेळी नव्याने वाईट वाटे. "कामाची आहे तीच जाते," त्या सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणत. "पण तिला थांबवून ठेवणंही बरं वाटत नाही."

माझं शेवटचं वर्ष सुरू झालं आणि सगळं बिघडलं. तीनही डिशांमधल्या रसाखाली पांढरे गोल येऊ लागले. काहीच न घातलेली डिशसुद्धा पीठ खात होती. पेशी थकलेल्या, निम्म्या फुटलेल्या. निरोप दिला काय, न दिला काय, सारखंच. मी पाणी बदललं. जिबरेलिनची नवी बाटली उघडली. तापमान तपासलं. पुन्हा तेच. माझी शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती, बाई निवृत्त होणार होत्या, आणि त्यांच्यानंतर आमची खोली दुसऱ्या विभागाकडे जाणार हे ठरलं होतं. तोवर नीट निकाल हाती आला नाही, तर पीएच.डी. तिथेच संपणार होती. बाबा सौसरच्या मंडीत संत्र्याच्या पेट्या भरण्याचं काम करत. फोनवर ते एवढंच विचारत, "झालं का वं?" मी म्हणे, "होत आलं." बसमध्ये खिडकीशी बसले की आपण मुळात इथपर्यंत यायलाच नको होतं असं वाटे.

बाईंची झोप उडाली होती, हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसे. पण मला त्या कधी रागावल्या नाहीत. "तुझा हात चांगला आहे," त्या म्हणत. "हाताचं नाही हे. आपण काहीतरी पाहूनच नाही राहिलो." मग डिशकडे वाकून, जवळजवळ विनवणीच्या सुरात, "काय झालं गं? सांगाल का?"

दुबे सर समजूत घालत, "मॅडम, हो सकता है इस गेहूं का स्वभाव ही ऐसा हो." बाई मान हलवत. "स्वभाव माहीत आहे मला त्याचा. माझ्या घरचा डबा आहे तो."

आणि गोष्ट खरंच तिथेच अडली होती. आम्ही सगळं बदललं, फक्त गहू बदलला नाही. कारण तो बाईंच्या घरून आला होता.

एका दुपारी बाई घामाघूम होऊन आल्या. त्या दिवशी त्यांची रजा होती. केस विस्कटलेले, पदर खोचलेला, आणि त्या आत येताच खोलीभर एरंडेलाचा वास पसरला. दार मागे धाडकन आपटलं. त्यांनी ते झेललं नाही. मी उठून उभीच राहिले.

"अश्विनी, डबा आण."

मी बियाण्याचा डबा आणला. बाईंनी मूठभर गहू तळहातावर घेतला, दुसऱ्या हाताने चोळला आणि उजेडाकडे धरला. दाणे मंद चमकत होते.

"वास घे."

मी घेतला. त्या दाण्यांनाही एरंडेलाचा वास होता. अगदी पुसट, पण आमच्या घरच्या कणगीत हात घातल्यावर येतो तोच.

उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरताना त्याला एरंडेल चोळून ठेवायचं, म्हणजे सोंडे लागत नाहीत, हे आमच्याकडे घरोघरी करतात. आदल्या उन्हाळ्यात विभागाच्या भांडारात सोंडे झाले, तेव्हा आमच्या बियाण्याला कोणी औषध मारील आणि ते माझ्या पेशींना बाधेल, या काळजीने बाई तो गहू घरी घेऊन गेल्या होत्या. त्यांनी तो निवडला, उन्हात घातला आणि घरच्या गव्हाबरोबर त्यालाही तेलाचा हात लावला. त्यात काही घातलं असं त्यांना वाटलंच नाही. गव्हाला तेल चोळायचंच असतं. आज घरी परातीत यंदाचा गहू घेऊन बसल्या आणि तेलाचा हात फिरवता फिरवता मध्येच थांबल्या.

"तेलावर पाणी ठरते का?" त्या म्हणाल्या. "आपलं जंतू मारायचं औषध दाण्याला लागलंच नाही गं नीट. त्या पोटावरच्या चिरेत जंतू जसेच्या तसे राहिले. पीठ त्यांनीच खाल्लं. पेशींची बिचाऱ्यांची काय चूक!" मग त्या स्टुलावर बसल्या आणि तेलकट हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "तुझं वर्ष मी खाल्लं, बेटा."

मी म्हटलं, "बाई, चहा आणू?" त्यांनी मान डोलावली आणि मग रडल्या. मी तोवर त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

नवीन बियाणं आणून मुकाट्याने प्रयोग पुन्हा केले असते, तर कोणाला काही कळलं नसतं. मी तसं सुचवलंही. बाईंनी ऐकलं नाही. मुदतवाढीसाठी माझं सादरीकरण ठरलं होतं. समितीतले सगळे बसले होते. मी पहिलं चित्र लावायच्या आधी बाई उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. तेल, परात, डबा, सगळं. त्याच डब्यातल्या गव्हावरच्या दुसऱ्या प्रयोगांचा आपला एक शोधनिबंध, नोकरीतला शेवटचा, आपण परत मागवला आहे, हेही सांगितलं. विभागप्रमुख जरा चुळबुळले. "मॅडम, रिटायरमेंट के वक्त यह सब रिकॉर्ड पर लाना ज़रूरी है क्या?"

"ज़रूरी है, सर," बाई म्हणाल्या. "इस लड़की की डिश झूठ बोल रही थी, तो मेरी वजह से. उसके नाम पर यह नहीं लिखा जाएगा."

मागे कोणीतरी हसलं, "अरंडी का तेल!" बाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. समितीने शेवटची एक मुदत दिली, तोवर खोलीही राहू दिली, आणि बजावलं की यापुढे नाही.

बाई निवृत्त झाल्या, तेव्हा मी नव्या गव्हाच्या पेशी सोडवत होते. निरोप समारंभात त्यांना शाल दिली. ती खांद्यावर तशीच ठेवून त्या प्रयोगशाळेत आल्या, माझ्यासाठी नळ्यांची टोकं कापून ठेवली, दुबे सरांना बाहेर बोलावून चिठ्ठ्या टाकल्या आणि डिशांवर नावं लिहिली. मग मला म्हणाल्या की उद्या नागपूरला भावाकडे जाते आहे, छातीचं एक छोटंसं काम आहे. छोटंसं म्हणजे हृदयाची झडप बदलायची होती, हे मला दुबे सरांकडून कळलं. जगातल्या प्रत्येक गोष्टीची काळजी करणाऱ्या या बाईने स्वतःच्या हृदयाची गोष्ट वर्षभर पुढे ढकलली होती.

मी त्यांना मदन महल स्टेशनवर सोडायला गेले. बॅग मी गाडीत चढवली तर "हळू ठेव, हळू," म्हणत राहिल्या, जणू तिच्यातही काही फुटेल. गाडी हलली तेव्हा त्या खिडकीतून ओरडल्या, "दार! दार आपटू देऊ नको!" आजूबाजूची माणसं गाडीच्या दाराकडे पाहू लागली.

निकालाचा दिवस आणि त्यांच्या शस्त्रक्रियेचा दिवस एकच आला. मी सकाळी तबकडीवर आयोडीन ओतलं. दुबे सरांनी बाटली घेऊ का म्हणून आधीच विचारलं होतं. मी नाही म्हटलं. मी पाहिलं. शाईने लिहिलं. तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातला गलबला, चाकांचा आवाज, आणि बाई.

"अश्विनी, मला आता आत नेऊन राहिले. लिहिलं का?"

"हो बाई."

"शाईने?"

"शाईने."

"मंग सांग."

"रांझी निळी आहे," मी म्हटलं. "खमरिया निळी आहे. मदन महल साफ. एकदम पांढरा गोल, बाई. आणि पेशीसुद्धा काचेसारख्या झाल्यात."

मी पेनाला टोपण लावलं. मी म्हटलं, "बाई, मदन महलमध्ये काय होतं?"

"मला विचारू नको. दुबेंना विचार." त्यांचा श्वास ऐकू येत होता. "मला जे पाहिजे तेच आठवून राहिलं असंल."

मी फोन कानाशी धरूनच सरांकडे वळले. दुबे सर भिंतीला टेकून उभे होते. ते मोठ्याने, फोनमध्ये ऐकू जाईल असं म्हणाले, "मदन महल जिबरेलिन, मॅडम. रांझी कोरा. खमरिया दोनों."

मग बाई म्हणाल्या, "अच्छा." आणि थोड्या वेळाने, "चलो." आणि फोन कोणीतरी त्यांच्या हातून घेत असताना, लांबून, "पुन्हा एकदा कर. एकदा झालं म्हणजे झालं असं नाही."

त्या दिवशी आम्ही दोघं प्रयोगशाळेत नुसते बसून राहिलो. संध्याकाळी त्यांच्या भावाचा फोन आला की शस्त्रक्रिया झाली, शुद्धीवर आल्या, आणि पहिलं वाक्य काय म्हणाल्या ते घरच्या कोणाला समजलं नाही, कोणत्या तरी खमरियाबद्दल विचारत होत्या.

मी पुन्हा केलं. नव्या चिठ्ठ्या दुबे सरांनी टाकल्या. पुन्हा तसंच आलं. मला पदवी मिळाली, तेव्हा सौसरहून आई-बाबा आले होते, बाबांनी नवा सदरा घातला होता. बाई येऊ शकल्या नाहीत. नागपूरहून त्यांनी फोनवर विचारलं, "आणि त्या थांबवलेल्या पेशी? अजून आहेत का?" मी म्हटलं, काही आहेत. "पाणी बदलत राहा त्यांचं," त्या म्हणाल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्या गेल्या. जबलपूरला परत आल्याच नाहीत.

मी आता एका लहान महाविद्यालयात शिकवते. आमच्याकडे इनक्युबेटर एकच आहे आणि वीज रोज जाते. मी सकाळी नळ्यांची टोकं कापते. कोणत्या डिशमध्ये काय आहे ते मला कळू नये म्हणून मुलींना चिठ्ठ्या टाकायला लावते. आईने तेल चोळून पाठवलेला गहू प्रयोगशाळेच्या वाऱ्यालाही उभा राहू देत नाही.

घरी जाता-येताना गाडी मदन महलला थांबते. त्या डिशवर हे नाव चिठ्ठीतून आलं होतं. रांझीही येऊ शकलं असतं. त्यात काही शोधू नकोस, असं बाई म्हणाल्या असत्या, आणि मी शोधत नाही. पण थांबा छोटा असतो, उतरणाऱ्यांची घाई असते, आणि डब्याचं दार आपटायला आलं की माझा हात आपोआप पुढे जातो.